तुम्ही नक्की आमच्यातले का?



दर वर्षी या पुस्तिकेच्या या पानावर आम्ही जमाखर्च सांगतो, आभार मानतो आणि पुढच्या वर्षीही असाच लोभ असू द्या म्हणतो. या वेळी थोडं वेगळं लिहायचं ठरवलं. त्याला कारण घडलं ते मंडळाच्या बैठकीत. शिष्यवृत्ती निधीचा अर्धा भाग मणिपूर-मिझोरामहून आलेल्या बेने मेनाशे कुटुंबांतल्या मुलांना आणि इथिओपियाहून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांना द्यावा, असा ठराव आला होता. चर्चा बरी चालली होती. तेवढ्यात आमच्यातलेच एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "आधीच आपल्या म्हाताऱ्यांना पुरत नाही. आणि हे लोक नक्की यहुदी आहेत का, ते तरी कोणी पाहिलंय?"

कोणी काही बोललं नाही. मग कोपऱ्यात बसलेल्या, ऐंशी पार केलेल्या एक मावशी म्हणाल्या, "मला हेच विचारलं होतं. लग्नाच्या आधी."

त्यांची हकीगत पुढे येईलच. पण त्या दिवशी आमच्या लक्षात आलं की मंडळातल्या तरुण मुलांना यातलं जवळजवळ काहीच माहीत नाही. सैन्यातून आलेली, कॉम्प्युटर शिकलेली ही मुलं मराठी समजतात, बोलताना अडखळतात, आणि आपल्या आजी-आजोबांना या देशात यहुदी म्हणून सिद्ध व्हावं लागलं होतं हे ऐकून त्यांना खरं वाटत नाही. त्यांच्यासाठी, आणि आमच्यासारख्या विसरभोळ्यांसाठीही, हा लेख.

आपली सुरुवात सगळ्यांना ठाऊक आहे. परंपरा सांगते की कोकणच्या किनाऱ्यावर अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली. पोथ्या पाण्यात गेल्या. राहिलं ते शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे थोडे नियम आणि शेमाची प्रार्थना. गावोगाव तेलाचे घाणे घातले, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून लोक 'शनवार तेली' म्हणू लागले. गावावरून आडनावं पडली, पेणकर, किहीमकर, दिवेकर. बाराव्या शतकात मैमोनिदीस यांनी एका पत्रात लिहून ठेवलंय की हिंदुस्थानातल्या यहुद्यांना शब्बाथ आणि सुंता यापलीकडे काही माहीत नाही. ते आपल्याबद्दलच असावं असं समजतात. कौतुक म्हणून लिहिलेलं नाही, पण आपल्याला त्याचा अभिमान वाटतो, हीही गंमतच.

आपली पहिली परीक्षा माशांची झाली. दावीद रहाबी कोकणात आले तेव्हा हे लोक खरंच यहुदी का, हे पाहायला त्यांनी बायकांपुढे सर्व तऱ्हेचे मासे ठेवले आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवल्यांचे मासे तेवढे उचलले आणि बाकीचे बाजूला सारले. रहाबी कोणत्या शतकात आले यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण गोष्टीत परीक्षा पास झालेल्या बायका आहेत, हे आम्हाला फार आवडतं.

पुढच्या परीक्षा इतक्या सोप्या नव्हत्या. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत आपलं पहिलं सिनेगॉग बांधलं. एकोणिसाव्या शतकात बगदादहून व्यापारी यहुदी मुंबईला येऊ लागले, तेव्हा त्यांचं स्वतःचं सिनेगॉग नव्हतं. ते आपल्याच सिनेगॉगमध्ये तफिला करत. पण १८३६ साली त्याच बगदादी मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की कबरस्तानात आमच्या आणि यांच्या कबरींमध्ये भिंत घालून द्या. पुढे त्यांची देखणी सिनेगॉगं उभी राहिली. तिथे आपल्या माणसाला मिनयानच्या दहांत मोजायचे नाहीत, तोरा वाचायला पुकारायचे नाहीत. रंगूनला तर १९३० च्या दशकात सिनेगॉगच्या कारभारातला मतदानाचा हक्क नाकारला म्हणून आपले लोक कोर्टात गेले आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. यहुदी यहुद्याला यहुदी म्हणेना, म्हणून इंग्रजांच्या कोर्टाने सांगितलं.

इथपर्यंतचं सांगताना आपला आवाज चढतो. आता जे सांगायचं आहे तिथे तो उतरतो.

आपल्यातही गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल होते. नुसत्या कातडीच्या रंगावरून नव्हे. ज्यांच्या घराण्यात कधीकाळी बाहेरची बाई आली असं सांगत, त्यांची संतती काळी. गोऱ्यांनी काळ्यांशी रोटीबेटी व्यवहार करायचा नाही. सिनेगॉग एकच, पण मान गोऱ्यांना आधी. किद्दूशच्या प्याल्याला ओठ लावायची पाळीसुद्धा काळ्यांवर शेवटी यायची. हे कुठून आलं ते वेगळं सांगायला नको. ज्या कुलाबा जिल्ह्यात आपली गावं, त्याच जिल्ह्यातल्या महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो माणसं घेऊन चवदार तळ्याचं पाणी प्यायला जावं लागलं. आसपास हवा ती होती, आणि आपल्या फुप्फुसांत तीच गेली. कोचीनला हेच वेगळ्या नावाने. तिथल्या परदेशी सिनेगॉगमध्ये मुक्त केलेल्या गुलामांच्या वंशजांना मुख्य दालनात बसायची मुभा नव्हती. ए. बी. सालेम या वकिलांनी त्याविरुद्ध गांधीजींच्या वाटेने सत्याग्रह केला आणि लोक त्यांना 'यहुदी गांधी' म्हणू लागले. आपल्याकडे असा सत्याग्रह झाल्याचं आम्ही कुठे वाचलेलं नाही. गोरे-काळे आपोआप विरत गेलं, असं आपण म्हणतो. आमच्यातल्या एकाच्या घरी मात्र सत्तरच्या दशकापर्यंत, स्थळ आलं की आजी हळूच विचारायची, "ते कोणातले?"

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात आढळलं की आपल्या रक्तात मध्यपूर्वेतल्या यहुद्यांचाही वारसा आहे आणि हिंदुस्थानातल्या लोकांचाही. म्हणजे आपण उपरे आहोत म्हणणारे चुकले, आणि आपलं रक्त निर्भेळ आहे म्हणणारे आपले गोरेही चुकले. आजी असती तर काय म्हणाली असती कोण जाणे.

आता या देशातली गोष्ट. पहिली माणसं आली ती १९४८ नंतर. अनेकांना बिरशेबाच्या बाजूला वसवलं. रंगावरून टोमणे मिळत. तुम्ही काळे, तुम्ही काळाच पाव खा, असं सांगितल्याच्या तक्रारी मुंबईपर्यंत पोचल्या होत्या. १९५१ च्या नोव्हेंबरात काही कुटुंबांनी तेल अवीवला ज्यूइश एजन्सीच्या कचेरीपुढे धरणं धरलं आणि मागणी केली की आम्हाला परत हिंदुस्थानात पाठवा. १९५२ साली शंभरावर माणसांना विमानाने मुंबईला नेलं. त्यांतले बरेच जण पुढे पुन्हा इथेच आले. दोन हजार वर्षं ज्या देशाकडे तोंड करून प्रार्थना केली, तिथून रागावून परत जाणं आणि पुन्हा येणं, त्या लोकांच्या मनाचं काय झालं असेल ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

पण मोठा घाव बसला तो लग्नाच्या बाबतीत. या देशात यहुद्यांचं लग्न धर्मपीठाकडूनच, म्हणजे रब्बानूतकडूनच लागतं. कोर्टात जाऊन सही केली आणि झालं, अशी सोय नाही. त्यामुळे रब्बींनी नोंद नाकारली तर लग्नच नाही. काही ठिकाणी बेने इस्राएल मुलामुलींची लग्नं लावायला रब्बी नकार देऊ लागले. १९६१ च्या ऑक्टोबरात मुख्य रब्बानूतने निर्णय दिला की बेने इस्राएलांशी लग्नाला मनाई करण्याचं कारण नाही. आपल्या लोकांनी सुटकेचा श्वास घेतला. आणि जानेवारी १९६२ मध्ये नोंदणी करणाऱ्या रब्बींना सूचना गेल्या: बेने इस्राएल वधू किंवा वर आला, तर त्याच्या आईकडची पिढी जितकी मागे नेता येईल तितकी मागे नेऊन चौकशी करा. कोणी परधर्मी होतं का, कोणाचा काडीमोड झाला होता का. सूचनांत नाव एकाच समाजाचं होतं, आपलं.

इथे आम्हाला थोडं थांबून समोरच्याची बाजू सांगायची आहे, कारण न सांगता पुढे गेलो तर आपणही तेच करू. त्या वेळचे मुख्य रब्बी यित्सहाक निस्सीम स्वतः बगदादला जन्मलेले, गोऱ्या युरोपचे नव्हेत. त्यांच्या मंडळींची अडचण धर्मशास्त्राची होती. आपल्या शास्त्राप्रमाणे स्त्रीला नवऱ्याकडून विधिपूर्वक गेत, म्हणजे सोडचिठ्ठी, मिळायला हवी. ती न घेता तिने दुसरं लग्न केलं तर त्यातून झालेली संतती 'मामझेर' ठरते आणि तिला समाजात लग्न करता येत नाही, पिढ्यान्‌पिढ्या. आता कोकणात शेकडो वर्षं रब्बीच नव्हता. मग तिथे झालेले काडीमोड शास्त्राप्रमाणे झाले असतील कशावरून? प्रश्न कागदावर बिनतोड आहे.

उत्तर मात्र आपल्या आज्यापणज्यांच्या आयुष्यात होतं. कोकणात काडीमोड मुळात कितीसे होत होते? शेजारच्या हिंदू समाजासारखंच आपल्यातही नवरा टाकणं नव्हतं आणि विधवेनं दुसरं लग्न करणं नव्हतं. जी चाल त्या बायकांवर अन्याय करणारी होती, तीच त्यांच्या नातवंडांच्या शुद्धतेचा पुरावा म्हणून मांडावी लागली. आम्ही हे लिहिताना खूश नाही.

आता मावशींची हकीगत. १९६३ साल. मुलगा दुसऱ्या समाजातला, घरचे राजी. एका गावातल्या नोंदणी कचेरीत दोघं गेली. मुलाला नाव-गाव विचारलं. हिला विचारलं, आईचं नाव काय, आईच्या आईचं, तिच्या आईचं. "मला पणजीचं नाव माहीत नव्हतं हो. घरात तिला सगळे मोठी आई म्हणायचे. मी तेच सांगितलं. तो लिहिणारा हसला." मुंबईहून पत्रं मागवली, साक्षीदार शोधले, आठ महिने गेले. लग्न झालं, संसार चांगला झाला. पण त्या म्हणतात, "मोठी आई शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावल्याशिवाय पाणी पीत नसे. ते कोणी विचारलंच नाही."

१९६४ च्या उन्हाळ्यात मात्र आपले लोक उठले. गावोगावचे बेने इस्राएल, बायकामुलांसह, यरुशलेमला जाऊन धरणं धरून बसले. बरेच जण विकासनगरांतले, हातावर पोट असलेले. त्यांना देशभरातून पाठिंबा मिळाला, त्यात धर्म न पाळणारे होते तसेच धार्मिकही होते. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटची खास बैठक झाली. लेव्ही एश्कोल पंतप्रधान होते. बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत आणि लग्नासकट सर्व बाबतींत त्यांचे हक्क इतर यहुद्यांइतकेच आहेत, असं तिथे स्पष्ट झालं आणि रब्बानूतने मार्ग काढावा असं सांगण्यात आलं. त्याच महिन्याच्या अखेरीस सूचनांतून आपलं नाव वगळलं. त्याऐवजी, ज्याच्या यहुदी असण्याबद्दल शंका आहे अशा कोणाचीही चौकशी करावी, असा शब्द आला. आपण जिंकलो. पण चौकशी राहिली, तिच्यावरची पाटी फक्त बदलली. तिच्याखाली पुढे कोण येणार, हा विचार त्या आनंदात कोणी केला नसावा. १९९७ सालीसुद्धा एका शहरातल्या रब्बींनी बेने इस्राएलांची लग्नं लावायला नकार दिल्याचं प्रकरण गाजलं होतं.

मग धर्म यावर म्हणतो तरी काय? आम्ही काही पंडित नाही. पण शब्बाथला वाचली जाणारी तोरा आपण ऐकतो. परक्याला छळू नका, कारण मिसरात तुम्हीही परके होता, ही आज्ञा तोरेत छत्तीस वेळा आली आहे असं तालमुदमधले गुरू मोजून सांगतात. शब्बाथची आज्ञासुद्धा इतक्या वेळा नाही. का बरं इतक्यांदा सांगावं लागलं? आम्हाला वाटतं, जो छळ सोसून आलेला असतो त्याला तो छळ करण्यापासून थांबवणं सगळ्यांत अवघड असतं. त्याच्याकडे सबब तयार असते.

मिर्यामची गोष्ट तर आपल्या घरांत सांगायलाच हवी. मोशेची बायको कूशी होती, म्हणजे आजच्या इथिओपिया-सुदानकडची. मिर्याम आणि अहरोन तिच्यावरून मोशेबद्दल बोलले. शिक्षा काय झाली, तर मिर्यामची कातडी बर्फासारखी पांढरी पडली आणि सात दिवस तिला छावणीबाहेर काढलं. पुष्कळ भाष्यकार म्हणतात की तक्रार रंगाची नव्हतीच, मोशे बायकोकडे लक्ष देत नाही अशी होती. असेल. पण काळ्या बाईवरून बोलणाऱ्या बाईला पांढरेपणाचीच शिक्षा व्हावी, हे ऐकताना आमच्या डोळ्यांपुढे गोरे-काळे इस्राएल आल्यावाचून राहत नाहीत. दुसरं असं, की ती परत येईपर्यंत लोकांनी तळ हलवला नाही. जिला बाहेर काढलं तिच्यासाठी सगळे थांबले.

मिश्नात सांगितलंय की माणूस सुरुवातीला एकटाच निर्माण केला, त्याचं एक कारण म्हणजे माझा बाप तुझ्या बापाहून मोठा, असं कोणी कोणाला म्हणू नये. तिथेच दुसरीकडे असंही आहे की जो धर्म स्वीकारून आला, त्याला त्याच्या पूर्वजांवरून टोचायचं नाही. धर्मांतर करून आलेल्या ओबद्या नावाच्या माणसाने मैमोनिदीसना पत्र लिहून विचारलं होतं, की प्रार्थनेत 'आमच्या पूर्वजांच्या देवा' हे शब्द मी म्हणू शकतो का, माझे पूर्वज तर वेगळे. त्यांनी उत्तर दिलं, की सगळं जसंच्या तसं म्हण, एक शब्द बदलू नकोस. आणि दावीद राजाची पणजी रूथ तर मवाबी, परक्या देशातून सासूमागे चालत आलेली. तिची वंशावळ कोणी १९६२ च्या सूचनांप्रमाणे तपासली असती तर पुढचं सगळंच अडलं असतं.

याच धर्मात मामझेरचा नियमही आहे, मवाब्यांना समाजात घेऊ नका असंही लिहिलेलं आहे, आणि गुरूंनी त्यातून वाट काढली की बंदी मवाबी पुरुषांना, बायकांना नाही. म्हणजे एकाच ग्रंथात कुलूपही आहे आणि किल्लीही. रब्बी कुठला हे महत्त्वाचं नाही, त्याने हात आधी कशाला घातला हे महत्त्वाचं. ओवाद्या योसेफही बगदादलाच जन्मलेले. १९७३ साली त्यांनी इथिओपियाचे बेटा इस्राएल हे दान वंशातले यहुदी आहेत असा निर्णय दिला. तरीसुद्धा ते लोक १९८४-८५ मध्ये आले तेव्हा रब्बानूतने त्यांना मिकव्यात बुडी मारून पुन्हा शुद्ध व्हायला सांगितलं, आणि १९८५ साली त्यांनी यरुशलेमला महिनाभर धरणं धरलं. एकवीस वर्षांपूर्वी आपण बसलो होतो त्याच शहरात. १९९६ साली उघडकीला आलं की त्यांनी रक्तदान केलेलं रक्त रोगाच्या भीतीने गुपचूप फेकून देत होते.

बेने मेनाशेंचं तसंच. २००५ साली मुख्य रब्बी श्लोमो अमार यांनी त्यांना इस्राएलचे वंशज मानलं, पण विधिवत धर्मांतर करून घ्यायची अट घातली. ती त्यांनी मान्य केली, आजही करतात. भारतीय पासपोर्टवर येतात, हिब्रू शिकतात, मुलं सैन्यात जातात. आणि रस्त्यावर त्यांना 'चिनी' म्हणून हाक मारतात. मारणाऱ्यांत आपली मुलं नसतीलच असं आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

बैठकीत पुढे बरंच बोलणं झालं. ज्येष्ठ सभासदांचा मुद्दा पैशाचा होता आणि तो खोटा नाही. आपल्या वृद्धांच्या औषधांचा आणि डब्यांचा खर्च खरोखरच वाढला आहे. म्हणून ठराव बदलला. वृद्धांच्या निधीला हात लागणार नाही. शिष्यवृत्तीसाठी वेगळी देणगी गोळा करायची, आणि ती भारतातून आणि इथिओपियाहून आलेल्या सर्व कुटुंबांतल्या मुलांसाठी खुली. पुस्तिकेसोबतच्या पावतीवर दोन्ही निधी वेगळे छापले आहेत. तुम्हाला द्यायचं असेल त्याच्यापुढे खूण करा. ज्यांना फक्त वृद्धांसाठी द्यायचं आहे त्यांनी बिनदिक्कत तसं करावं, कोणी काही म्हणणार नाही. त्या ज्येष्ठ सभासदांनी दोन्हींपुढे खूण केली आहे, आणि हे छापू नका असं सांगितलं होतं. नाव छापलेलं नाही.

एक गोष्ट राहिली. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा नमुना आम्ही दुसऱ्या एका संस्थेच्या अर्जावरून उतरवला होता. त्यात पाचवा रकाना होता, 'रब्बानूतचा दाखला जोडावा'. आमच्यापैकी कोणाच्याच ते लक्षात आलं नाही. मावशींनी चष्मा लावून अर्ज वाचला, पेन मागितलं आणि तो रकाना खोडला. आता अर्जात चारच रकाने आहेत: मुलाचं नाव, शाळा, इयत्ता, आणि घरात जेवणारी माणसं किती.